साव्हेन्येरची वाइन: पारख आणि पंगत

साव्हेन्येर हे फ्रान्सच्या पश्चिम भागातले, ल्वार नदीच्या उजव्या काठावरचे छोटे गाव. आंजे शहरापासून नैऋत्येला सुमारे पंधरा किलोमीटरवर. साव्हेन्येर आणि शेजारची बुशमेन व ला पोसोनिएर या तिन्ही गावांची शिवारे धरली तरी या नावाने वाइन करण्याचा हक्क असलेल्या बागा दीडशे हेक्टरच्या आसपास भरतात. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या द्राक्षगावाची लागवड याहून सहज जास्त असते. या बागांत या वाइनसाठी एकच जात चालते, शेनिन ब्लाँ. आणि तिच्यापासून आज बहुतेक करून एकच प्रकार होतो, कोरडी पांढरी वाइन. कोरडी म्हणजे आंबवताना द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी संपलेली, जिभेला गोडी न लागणारी.

पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांत संपवायची असते, हा सर्वसाधारण नियम बाजारातल्या बहुतेक बाटल्यांना लागू पडतो. साव्हेन्येरला पडत नाही. चांगल्या हंगामातली बाटली आठव्या-दहाव्या वर्षी रंगात येते आणि नीट ठेवली तर वीस-पंचवीस वर्षे टिकते. त्यामुळे ही वाइन कशाबरोबर प्यावी याचे उत्तर नुसत्या नावावरून देता येत नाही. बाटलीचे वय आधी विचारावे लागते. तीन वर्षांची साव्हेन्येर आणि पंधरा वर्षांची साव्हेन्येर यांना एकाच ताटाला बसवणे म्हणजे कैरी आणि पिकला हापूस एकाच पदार्थात घालण्यासारखे.

गावाचे नाव वाइनखेरीज युद्धाच्या इतिहासातही येते. इथल्या एका खडकाळ टेकडीला रोश ओ म्वान म्हणतात, म्हणजे भिक्षूंचा खडक. त्यावरच्या किल्ल्याला इंग्लंडचा राजा जॉन याने १२१४ च्या जूनमध्ये वेढा घातला. फ्रान्सचा युवराज लुई सैन्य घेऊन येतो आहे असे कळताच जॉनच्या बाजूच्या सरदारांनी लढायला नकार दिला आणि २ जुलैला राजाला वेढा टाकून पळावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस बूव्हीनच्या लढाईत त्याच्या मित्रांचा पराभव झाला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवून घेतली. आज त्या किल्ल्याचे अवशेष उरले आहेत आणि भोवतीच्या उतारांवर वेल आहेत.

शेजारचा कुले द सेराँ हा सात हेक्टरांचा उतार अधिकच नावाजलेला. सिस्टर्शियन भिक्षूंनी तिथे ११३० मध्ये वेल लावले आणि तेव्हापासून तिथे द्राक्षाखेरीज दुसरे पीक घेतले गेले नाही, असे सांगितले जाते. सबंध उतार एकाच कुटुंबाच्या मालकीचा आहे आणि रोश ओ म्वानप्रमाणे त्यालाही कायद्याने स्वतंत्र नामाधिकार आहे. १९६२ पासून तो जोली कुटुंबाकडे आहे. या घरातला निकोला जोली बँकेतली नोकरी सोडून १९७७ मध्ये इथे परतला. सल्लागाराच्या सांगण्यावरून त्याने आधी तणनाशके वापरली. दोनेक वर्षांत मातीचा रंग आणि बागेतला किडामुंगीचा वावर बदललेला पाहून त्याने ती सोडली, आणि रुडॉल्फ श्टाइनरच्या १९२४ मधल्या व्याख्यानांवर उभ्या असलेल्या जैवगतिक शेतीकडे तो वळला. १९८४ पासून सगळी बाग त्या पद्धतीने कसली जाते. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून पाण्यात ढवळून फवारायचे, असे तिचे विधी आहेत. शेणाचे महत्त्व मराठी शेतकऱ्याला फ्रेंचाने समजावण्याची गरज नाही. शिंगाचे मात्र कोणी ठामपणे सिद्ध केलेले नाही. तरी घोड्याने नांगरलेल्या त्या तीव्र उतारामुळे आणि जोलीच्या अखंड बोलण्या-लिहिण्यामुळे या गावाचे नाव जगभर पोचले, हे खरे.

साव्हेन्येरला नामाधिकार मिळाला १९५२ मध्ये. त्या काळापर्यंत इथली वाइन बहुधा गोडसर असे. नदीच्या पलीकडच्या काठावर, लेयाँ नावाच्या उपनदीच्या खोऱ्यात, याच द्राक्षापासून आजही मधासारख्या गोड वाइन होतात. साव्हेन्येरचे उतार मात्र वारा खेळता ठेवणारे, पाणी चटकन निथळू देणारे. कोरडी वाइन हे त्या उतारांचे खरे काम, हे इथल्या बागाईतदारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू ठरवले.

उतारांखालचा दगड म्हणजे शिस्ट, पाटीच्या दगडाचा जवळचा नातलग. आंजेला लागूनच त्रेलाझे इथे पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. ल्वारकाठच्या राजवाड्यांची निळसर काळी छपरे याच दगडाच्या चकत्यांची. शेवटची खाण २०१३ मध्ये बंद झाली. या काळ्या दगडामुळे प्रांताच्या पश्चिम भागाला काळे आंजू म्हणतात आणि चुनखडीच्या पूर्वेकडच्या भागाला पांढरे आंजू. साव्हेन्येरच्या शिस्टमध्ये जागोजाग वाळू आणि जुने ज्वालामुखीय खडकही मिसळले आहेत. मातीचा थर पातळ. वेलाची मुळे फटीफटींतून खाली जातात, खायला थोडे मिळते, म्हणून घड लहान आणि रस दाट. काळा दगड दिवसा तापतो. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारांना ही ऊब फार उपयोगाची ठरते, कारण ४७ अंश उत्तर अक्षांशावर शेनिनला पिकायला वेळ लागतो.

दगडाची चव मुळांवाटे द्राक्षात चढते, अशी समजूत वाइन पिणाऱ्यांत पक्की आहे आणि ती चूक आहे. वेल दगड पीत नाही. दगड ठरवतो तो पाण्याचा निचरा, उष्णता आणि उपासमार. तरीही या वाइनला पावसाने भिजलेल्या पाटीचा वास येतो, असे पिणारे सांगत राहतात, आणि ज्यांनी लहानपणी पाटी ओल्या फडक्याने पुसली आहे त्यांना तो वास ओळखायला कोणाच्या शिकवणीची गरज पडत नाही. वासाचे वर्णन खरे आणि त्यामागचे कारण खोटे, असे वाइनच्या जगात पुष्कळदा घडते.

शेनिन ही जात हट्टी आहे. डोळा लवकर फोडते, त्यामुळे एप्रिलच्या दहिवरात सापडते. १९९१, २०१६, २०१७ आणि २०२१ या वर्षी ल्वारच्या बागाईतदारांनी उशिराच्या थंडीत मोठे नुकसान सोसले. पिकते मात्र उशिरा. एकाच वेलावरचे घड, कधी एकाच घडातले मणी, वेगवेगळ्या दिवशी तयार होतात. म्हणून तोडणी एका दमात होत नाही. त्याच ओळीतून तीन-चार वेळा फिरून पिकलेले तेवढे हाताने खुडतात. या जातीचा मोठा गुण म्हणजे पूर्ण पिकल्यावरही तिच्यातले आम्ल टिकते. साखर वाढते, साल सोनेरी होते, आणि तरी रस दात आंबवतो. पुढचे सगळे दीर्घायुष्य या आम्लावर उभे आहे.

शेनिनचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकमध्ये या शतकाच्या सुरुवातीला ज्या पांढऱ्या वाइन बाजारात आल्या त्यांत शेनिन ब्लाँ अगदी पहिल्या फळीत होती, आणि आजही दुकानाच्या फळीवर ती सर्रास दिसते. पण नाशिकची शेनिन चाखून साव्हेन्येरची कल्पना करता येत नाही. नाशिक वीस अंश अक्षांशावर. तिथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. त्याला एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन कात्र्यांनी वळण द्यावे लागते. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे दिवस तापू लागले असताना. साखर झपाट्याने चढते आणि त्याच वेगाने आम्ल उतरते. मूळ आम्ल कमी पडले की वाइनरीत ते बाहेरून घालतात, आणि उष्ण देशांत ती सर्वमान्य रीत आहे. वाइन होते ती फळांच्या ताज्या वासाची, कित्येकदा थोडी गोडी राखलेली आणि लगेच पिण्याजोगी. दमट संध्याकाळी, थंडगार, भज्यांच्या ताटलीशेजारी ती आपले काम चोख करते. ती दहा वर्षे ठेवावी म्हणून केलेलीच नसते.

साव्हेन्येरच्या तळघरात घाई कमी. घड सावकाश पिळतात, रस रात्रभर स्थिरावू देतात, वरचा नितळ भाग आंबवायला घेतात. काही जण पोलादी टाक्या वापरतात, काही जण जुनी ओकची पिंपे. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास इथल्या जाणकारांना फारसा रुचत नाही आणि त्यात त्यांचे चुकत नाही. शेनिनच्या नाजूक, कडसर शेवटावर तो बोळा फिरवतो. आंबवण अनेकदा हिवाळाभर चालते. मग वाइन मेलेल्या यीस्टच्या साक्यावर महिनोन्‌महिने पडून राहते, त्यातून तिला थोडा गुबगुबीतपणा येतो. एपिरे या वाड्याची वाइन तर गावच्या जुन्या चर्चमध्येच मुरते; देवळाचे तळघर झाले, भक्तगण तेच राहिले असे तिथे गमतीने म्हणायला हरकत नाही.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत शैली बदलली आहे. पूर्वी द्राक्षे थोडी लवकर तोडत आणि गंधक सढळ हाताने वापरत. कोवळी वाइन इतकी करकरीत लागे की दहा वर्षे थांबणे ही सक्तीच होती. आता द्राक्षे अधिक पिकू देतात, गंधक कमी घालतात, काही जण आंबवणीचा दुसरा टप्पाही होऊ देतात. त्यात सफरचंदातले कडक आम्ल दह्यातल्या मवाळ आम्लात बदलते. हवामानही तापले आहे. चौदा टक्के अल्कोहोल आता नवलाईचे राहिलेले नाही, कुठे कुठे पंधरापर्यंतही जाते. आजची साव्हेन्येर तिसऱ्या-चौथ्या वर्षीही गोड बोलते. ती जुन्या बाटल्यांइतकी टिकेल का, यावर गावात दोन तट आहेत.

बाटलीत काय घडते ते थोडक्यात असे. आंबवणीत तयार झालेले फळांसारखे वास पहिल्या दोन-तीन वर्षांत विरतात. द्राक्षाच्या सालीत साखरेशी बांधून असलेले काही गंधरेणू आम्लामुळे सुटत जातात. बुचातून आणि बाटलीच्या गळ्यातल्या हवेतून मिळणारा प्राणवायू रंग गडद करतो, कडा मऊ करतो. आम्ल फारसे घटत नाही, पण भोवती इतर चवी दाट झाल्यामुळे कमी टोचते. मधे एक काळ असा येतो, साधारण चौथ्या ते सातव्या वर्षांत, की वाइन मिटून बसते. तारुण्याचे फळ गेलेले, प्रौढपणाचे मध-मेण अजून आलेले नाही. त्या वर्षांत उघडलेली बाटली निराश करते आणि दोष बहुधा करणाऱ्याच्या माथी मारला जातो.

आता पेल्याकडे. या वाइनशी होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तिला बर्फात घालणे. पाच-सहा अंशांवर तिचे आम्ल आणि कडवटपणा तेवढे जिभेला कळतात, वास थिजलेला राहतो. बारा ते चौदा अंश हे तिचे तापमान. भारतीय फ्रिजमधून काढलेली बाटली डिसेंबरच्या पुण्यात अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवली की तिथे पोचते. मेच्या मुंबईत दहा-पंधरा मिनिटांतच पोचते आणि थांबतही नाही, तेव्हा पेला लहान लहान भरावा. दुसरी गोष्ट हवा. कोवळी साव्हेन्येर दोन-तीन तास आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवली तर मोकळी होते. जोलीच्या घरची शिफारस याहून टोकाची आहे: बाटली आदल्या दिवशी उघडा. अतिशयोक्ती वाटेल, पण शेनिन हवा खाऊन सुधारते याचा तो साधा व्यवहारी निष्कर्ष आहे. फार जुन्या बाटलीला मात्र इतकी हवा देऊ नये, ती पेल्यातच उमलू द्यावी. पेला मोठा, वर निमुळता, तिसरा हिस्सा भरलेला.

आधी रंग. दोन-तीन वर्षांची वाइन फिकट, लिंबाच्या सालीवर असते तशी किंचित हिरवट झाक असलेली. दहाव्या वर्षी ती सोनचाफ्याच्या पाकळीवर येते. विशीत गुळाच्या पातळ पाकाचा रंग धरते. रंग वयाच्या मानाने फारच पुढे गेला असेल, पाच वर्षांची बाटली तांबूस दिसत असेल, तर सावध व्हावे. तळाशी किंवा बुचाला चिकटलेले काचेसारखे बारीक खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार. खाण्याचा क्रीम ऑफ टार्टर तोच. दोष नव्हे.

मग वास. पेला न हलवता एकदा, हलवून पुन्हा, आणि वीस मिनिटांनी तिसऱ्यांदा. दहा वर्षांच्या चांगल्या बाटलीत हे तिन्ही वास वेगळे येतात. पहिल्यांदा ओली पाटी आणि थोडा काडेपेटीचा धूर. तो गंधकाचा असतो, जातो. हलवल्यावर उकडलेले सफरचंद, लिंबाच्या पानाखालची हवा, वाळवलेल्या शेवंतीची किंचित औषधी छटा, आणि बिही. पेरवजा दिसणारे हे फळ भारतात काश्मीरमध्ये पिकते. त्याच्या वासाला महाराष्ट्रात जवळचे काही असेल तर पिकलेल्या पेरूंची टोपली ठेवलेली बंद खोली. वीस मिनिटांनी मध येतो, पण बाजारातला पातळ मध नाही. पोळ्यासकट कापलेला, मेणाचा वास असलेला मध. खूप जुन्या बाटलीत त्याच्यामागे भाजलेला बदाम आणि कधी चक्क मेथीदाणा. हा भास नव्हे. सोटोलोन नावाचा जो रेणू मेथीदाण्याला त्याचा ओळखीचा वास देतो, तोच हवेच्या संगतीत मुरलेल्या वाइनमध्येही तयार होतो. चिमटीभर असला तर वयाचे वैभव. पेल्यातून दुसरे काहीच येत नसेल तर वाइन हवेने संपलेली.

चव घेताना घोट तोंडात फिरवून मगच गिळावा. जिभेच्या टोकावर फळ लागते आणि मधाच्या वासामुळे मेंदू गोडी गृहीत धरतो. गोडी मात्र येत नाही. वासाने दिलेले वचन चव मोडते, आणि साव्हेन्येरची खरी गंमत या फसगतीत आहे. मधे आम्लाची सरळ रेघ, दोन्ही गालांत पाणी आणणारी. पोत मात्र पाण्यासारखा नाही, किंचित तेलकट, ओठांना लागलेल्या मेणासारखा. आणि गिळल्यावर, सर्वांत शेवटी, कडसर तुरटपणा: संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या थराचा, कडू बदामाचा. तो अर्धा मिनिट, कधी अधिक रेंगाळतो. नवख्याला हा कडवटपणा खटकतो. पारखी त्याची वाट पाहतो, कारण जेवणाशी गाठ तोच घालतो.

दोष ओळखणे पारखीचाच भाग. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला तर बुचाची बुरशी. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिशचा झोत आला तर आंबवणीत बिघाड. या वाइनमध्ये मेंढीच्या ओल्या लोकरीसारखा वास मात्र दोषात धरत नाहीत. शेनिनचा तो जुना, थोडा गावंढळ स्वभाव आहे.

जेवणाशी जुळणीचे तर्क मोजके आहेत. आम्ल चरबी कापते. मीठ आम्लाची धार बोथट करते. ताटातली गोडी कोरड्या वाइनला आंबट ठरवते. आणि जास्त अल्कोहोलवर मिरची पडली की दोन्ही मिळून तोंड जाळतात. साव्हेन्येर आम्लाने तीक्ष्ण, अल्कोहोलने भरदार, शेवटी कडू. म्हणजे तिला हवे असते लोणी, साय, मासळी, मीठ. आणि नको असतो तिखट, गुळचट रस्सा.

ल्वारकाठच्या स्वयंपाकाने हे तर्क पुस्तकाविना सोडवले आहेत. नदीत पाइक आणि सांद्र हे गोड्या पाण्यातले मासे मिळतात. पाइक काटेरी, पांढऱ्या मांसाचा, स्वतःची चव बेताची असलेला. त्याच्यावर बर ब्लाँ ओततात, म्हणजे पांढरे लोणी. या सॉसचे श्रेय नांतजवळच्या एका खानावळीच्या क्लेमाँस लफव्हर या स्वयंपाकिणीला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या हातून सॉसात अंड्याचा बलक घालायचा राहिला आणि हे रसायन जन्मले, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, कृती अशी. छोटे कांदे अगदी बारीक चिरून पांढरी वाइन आणि व्हिनेगर यांत मंद आचेवर ठेवायचे, चमचाभर ओलावा उरेपर्यंत. मग थंड लोण्याचे सुपारीएवढे तुकडे एकेक करून टाकायचे आणि फेटत राहायचे. पहिला तुकडा पुरता वितळण्याआधी दुसरा. उकळी फुटली तर लोणी तुपासारखे सुटे होते आणि सॉस मेला. भांडे आचेवरून उचलत-ठेवत राहायचे. नीट जमला तर तो सायीसारखा दाट, फिकट पिवळा, तिन्ही बाजूंनी लोणी आणि मधोमध आंबट. आठेक वर्षांची साव्हेन्येर त्याच्याजवळ ठेवली की दोघांचे आम्ल एकमेकांना ओळखते आणि लोणी वाइनच्या मेणकट पोतात विरघळते. या प्रदेशातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की जोडी.

दुसरा पदार्थ मराठी माणसाला जवळचा वाटावा. वसंतात समुद्रातून ल्वारमध्ये अंडी घालायला चढणारा अलोज हा मासा आपल्याकडच्या हिलशाच्याच कुळातला आहे. तोच चंदेरी अंगाचा, तोच तेलकट, तसाच केसासारख्या काट्यांनी भरलेला. ल्वारकाठी तो ओझेय नावाच्या आंबट पालेभाजीबरोबर शिजवतात. ही भाजी म्हणजे आपल्या चुक्याची सख्खी बहीण, वनस्पतिशास्त्रात दोघींचे कूळ एक. चुक्यातल्या आम्लाने काटे मऊ पडतात असे तिथल्या आज्या सांगत. काटे फारसे मऊ पडत नाहीत, पण तेलकट मासा आणि आंबट भाजी यांचे जमते, आणि त्यांच्याशी कोवळ्या, तीन-चार वर्षांच्या साव्हेन्येरचे जमते. अधिक वयाची बाटली या भाजीपुढे फिकी पडते.

वय वाढले की ताट बदलावे. दहाच्या पुढच्या बाटलीला मासा अपुरा वाटू लागतो. तिला सायीतली कोंबडी, आळंब्या, वासराचे मांस, लोण्यात परतलेले शेवंड लागते. आंजूच्या पूर्वेला सोम्यूरजवळ चुनखडीच्या गुहांमध्ये आळंब्या पिकवतात, म्हणून तो मेळ तिथे सहज बसला. चीजमध्ये कोवळ्या वाइनला शेळीचे: सेंत-मोर, मधून गवताची काडी गेलेले, वरून राख लावलेले. जुन्या वाइनला वर्ष-दीड वर्ष मुरलेले कोंते, ज्याला स्वतःलाच अक्रोडाची चव असते. चीजबरोबर लाल वाइनच हवी, ही समजूत शेनिनपुढे सहसा टिकत नाही. डुकराच्या पोटाचे मीठ लावून चरबीत शिजवलेले तुकडे, रियो, आंजूचा खास पदार्थ. त्याच्या चरबीला आम्लाची कात्री लागते आणि वय कोणतेही चालते.

ही वाइन भारतात क्वचित मिळते, आणि परदेशातल्या मराठी घरांत मिळते तेव्हा प्रश्न पडतो तो घरच्या ताटाचा. मालवणी मसाल्याचे झणझणीत कालवण तिच्या चौदा टक्के अल्कोहोलवर पेटते, तो नाद सोडावा. रवा लावून तव्यावर भाजलेली, मीठ-हळद-लिंबाएवढ्यावर राखलेली सुरमई कोवळ्या बाटलीला उत्तम. ओल्या काजूंची उसळ, खोबऱ्याच्या रसातली आणि मिरची बेताची, मधल्या वयाला. वालाचे बिरडे ही त्याहून सरस जोडी. कडव्या वालांचा कडसरपणा आणि वाइनचा शेवटचा तुरटपणा एकमेकांना खोडत नाहीत, पुढे नेतात. बिरड्यात गूळ मात्र घालू नये, नाहीतर वाइन व्हिनेगर वाटेल. कोल्हापूरचा पांढरा रस्सा, काजू-खसखस-नारळाच्या दुधाचा, मऊ आणि मंद, पंधरा वर्षांच्या साव्हेन्येरसाठीच बेतल्यासारखा आहे. तांबडा तेवढा दुसऱ्या टोकाला ठेवावा. फराळाच्या ताटात चकली आणि खारे काजू चालतात. लाडू-करंज्यांची वेळ वाइन संपल्यावर.

ठेवणीचा प्रश्न उरतो. बाटली आडवी, अंधारात, बारा-तेरा अंशांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे चढउतार न होता राहिली पाहिजे. नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली साव्हेन्येर दहा वर्षे जगणार नाही, एक मे महिनाही तिला जड जाईल. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर ती विकत घेतल्यावर लवकर पिणे बरे. उघडलेली अर्धी बाटली मात्र टाकू नये. बूच घट्ट बसवून साध्या फ्रिजमध्ये ठेवली, तर कोवळी साव्हेन्येर दुसऱ्या दिवशी बहुधा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते, आणि तिसऱ्या दिवशीही पिण्याजोगी असते. जुनी असेल तर त्याच रात्री संपवावी.